चातुर्मासात अमेरिका वर्ज्य

गेल्या आषाढी एकादशीला मी देवापुढे संकल्पाचं पाणी सोडलं, की चातुर्मास संपेपर्यंत आमच्या घरात अमेरिकेचं राजकारण वर्ज्य. लोक कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात, एखादी जावेशी भांडण सोडते. मी अमेरिका सोडली आणि घरी येणाऱ्या सगळ्यांना सोडायला लावली. नेम एका ओळीचा. पण त्याचे किस्से इतके साठलेत की वाती वळत सांगायला बसले तर कापूस संपतो, किस्से संपत नाहीत.

•

आधी कारण सांगते. आम्ही ऑकलंडला, हिल्सबरोमध्ये राहतो. दर शनिवारी दुपारी आमच्याकडे विष्णुसहस्रनाम असतं, मग फराळ. सहस्रनामाला अर्धा तास लागतो, फराळाला दोन. कारण फराळाबरोबर अमेरिका असते. तिथली निवडणूक, तिथलं कोर्ट, तिथले व्हिसा, तिथल्या शाळेत कुठली पुस्तकं ठेवावीत, सगळं. मत द्यायचा अधिकार आमच्यापैकी एकालाही नाही.

आषाढीच्या आधीच्या शनिवारी टॅरिफचा, म्हणजे तिथल्या आयात कराचा विषय निघाला. माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "त्यांचा देश, त्यांचा कर. धंद्यात असं चालायचंच."

समोर मिलिंद भावोजी होते. श्रीकांतचे हॅमिल्टनपासूनचे मित्र. विद्यार्थी असताना दोघं एका खोलीत राहिले, एका कुकरमध्ये वरण-भात लावला. भावोजी ईस्ट टामाकीत यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत आणि तो माल अमेरिकेला जातो. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक शिफ्ट बंद झाली होती. आम्हाला पत्ता नव्हता.

"तुझं चालतंय ना, मग झालं," एवढंच म्हणून भावोजी भरल्या ताटावरून उठले. त्यांची बायको उज्ज्वला मान खाली घालून त्यांच्या मागे गेली. आमच्या दारातून माणूस उपाशी गेलं, हे मला झोपू देईना. म्हणून नेम.

•

नेम जाहीर केला तेव्हा वाटलं, विरोध होईल. विरोध नाही झाला. शंका आल्या.

"कॅनडा चालतं का?" श्रीकांतने विचारलं.

"ग्रीनलंड?" हा प्रशांत. पुण्याचा, आयटीतला, आमच्यातला सर्वांत अभ्यासू.

मी उज्ज्वलाकडे पाहिलं. ती बिचारी त्या प्रकारानंतरही एकटी यायची. ती म्हणाली, "ग्रीनलंडचं भेंडीसारखं आहे. काही घरांत उपासाला चालते, काहींत नाही."

"आपल्या घरात?"

"आपल्या घरात कोथिंबीरसुद्धा चालत नाही," मी म्हणाले. विषय संपला.

•

नेम मोडला तर प्रायश्चित्त हवं. मी ठरवलं, जो बोलेल त्याने बसून एकवीस वाती वळायच्या. पहिल्याच महिन्यात माझी वर्षाची सोय झाली. सिनेटवर बोलून श्रीकांतने इतक्या वाती वळल्या की त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला.

श्रावणातल्या एका शनिवारी प्रशांत आला आणि माझ्यापुढे एक डबा ठेवला. उघडला तर आत एकवीस वाती, नीट ओळीत लावलेल्या.

"हे काय?"

"घरून वळून आणल्यात, वहिनी," तो म्हणाला. "आता पाच मिनिटं बोलू?"

•

आमची लेक इरा पंधरा वर्षांची. इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला नेम अजिबात पटला नाही.

"आई, यू कान्ट डू दॅट. फ्री स्पीच इज इन द कॉन्स्टिट्यूशन."

"कुणाच्या?" श्रीकांत म्हणाला. "ती अमेरिकेची घटना, बाळा. तिचा इथे आपल्याशी काय संबंध?"

इराने पोह्यांतला दाणा उचलला, शांतपणे खाल्ला.

"देन व्हाय हॅव यू बीन फायटिंग अबाउट इट एव्हरी सॅटर्डे सिन्स आय वॉज बॉर्न?"

सगळे खाली बघून पोहे खायला लागले. त्या दिवशी पोहे पहिल्यांदाच गरम असताना संपले.

•

आमचे शेजारी ग्रॅहम. निवृत्त आहेत, एकटे राहतात, बागेतली लिंबं आणून देतात. ते एकदा फराळाच्या वेळी मागच्या दाराने आले. "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, झाला आणि लगेच त्यांनी मोठ्या उत्साहाने विचारलं, काल वॉशिंग्टनमध्ये काय झालं, बघितलंत का?

सहा पुरुष होते. सहाही जणांनी ताटाकडे नजर लावली. प्रशांतने डोळे मिटले. श्रीकांतने तर तोंडात मोठा घास कोंबला. बोलायचं होतं हो त्याला, फार बोलायचं होतं.

ग्रॅहमनी आमच्याकडे बघितलं, देवापुढच्या समईकडे बघितलं, लिंबं ओट्यावर हळूच ठेवली आणि पाय न वाजवता गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पत्रपेटीत कार्ड होतं. पांढरी फुलं, आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: 'तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.'

•

भाद्रपदात सासूबाई पुण्याहून आल्या. माझे धाकटे दीर न्यू जर्सीत असतात, ग्रीन कार्डाची वाट बघत त्यांचे केस पांढरे झाले. आरती संपल्यावर सासूबाईंनी मोठ्याने प्रार्थना केली, "गणराया, तिकडच्या अध्यक्षांना सुबुद्धी दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता हे राजकारण की भक्ती?

"सुबुद्धी आहेच त्यांना," श्रीकांत पुटपुटला.

सासूबाईंनी हात जोडलेलेच ठेवले. "त्यांच्या विरोधकांनाही दे. आणि देऊन उरली तर माझ्या थोरल्यालाही दे."

वाती श्रीकांतने वळल्या.

•

आणि मिलिंद भावोजी? ते दर शनिवारी यायचे. म्हणजे उज्ज्वलाला सोडायला. आमच्या घरासमोर गाडी लावायचे आणि दोन तास आतच बसायचे. आम्हाला वाटायचं, झोपत असतील. एकदा इरा कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेली आणि हसत परत आली.

"मिलिंदकाका इज लिसनिंग टू अमेरिकन न्यूज."

"म्हणजे आत आपला उपास," उज्ज्वला म्हणाली, "आणि माझा नवरा दारात बसून भजी खातोय."

सगळे हसले. श्रीकांत हसला नाही. खिडकीचा पडदा थोडा सरकवून बघितलं, परत लावला. "बोलव ना त्यांना," मी म्हणाले. "त्याला पाय आहेत," श्रीकांत म्हणाला.

•

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगितलेला नाही.

आश्विन लागला होता. बाहेर रिपरिप चालली होती. फराळ वाढून झाला तरी उज्ज्वला नुसती चमचा फिरवत होती. मी विचारलं, काय गं?

"मिलिंदला कारखान्याचं पत्र मिळालंय," ती म्हणाली. "डिसेंबरनंतरचं काही सांगता येत नाही म्हणे. त्या टॅरिफमुळे अमेरिकेच्या ऑर्डरीच येईनात."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं. कुणी काही म्हणायच्या आत तिने कापसाचा डबा पुढे ओढला, मांडीवर घेतला आणि पहिली वात वळायला लागली.

श्रीकांत उठला. तिच्या मांडीवरचा डबा उचलून फडताळात ठेवला. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, सरकवल्या आणि छत्री न घेता बाहेर गेला.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. इरा खिडकीतून बघून आली. "दे आर यलिंग. शुड आय डू समथिंग?"

"काही करू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "ओरडतायत ना? ओरडू दे."

मी दोघांचं एकाच ताटात वाढलं, छत्री घेतली आणि गेले. गाडीच्या काचा आतून धुकटल्या होत्या. चार हात तेवढे हलताना दिसत होते. मी कोपराने टकटक केलं. भावोजींनी काच खाली केली. डोळे लाल होते त्यांचे.

"वहिनी, नेम घरात आहे ना? आम्ही रस्त्यावर आहोत."

"हो, रस्त्याला नेम लागू नाही."

श्रीकांतच्या हातात भावोजींचा फोन होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "याचा सीव्ही बघ. फोटो हॅमिल्टनचा आहे, मिशीसकट. आणि हा मला टॅरिफ शिकवतोय."

"तुला कुणीतरी शिकवायलाच हवं," भावोजी म्हणाले. त्यांनी ताट मांडीवर घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि तोंडात घास असतानाच काच वर केली.

यंदाच्या चातुर्मासात तुम्हीही असा नेम धरा. फक्त संकल्प करताना माझ्यासारखं 'घरात' एवढंच म्हणा. रस्ता मोकळा ठेवा.