खोलीत पलंग नव्हता

अमेरिकेत, मिशिगनच्या ॲन आर्बर गावातलं ते घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने स्वतःसाठी बांधलं होतं. त्याच्यामागे ते एका सोरोरिटीने घेतलं. सोरोरिटी म्हणजे निवडून सभासद घेणारी विद्यार्थिनींची संघटना. निवडलेल्या मुली एकत्र राहतात, एकमेकींना बहिणी म्हणतात. दर्शनी भागातले चार पांढरे खांब नंतरचे. त्यांच्यावर छताचा भार नाही. पूर्वी तिथेच राहिलेल्या एक बाई पालकांना घर दाखवत होत्या, त्यांनी हे अभिमानाने सांगितलं.

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. इथे प्रवेश मिळाल्यावर तिने पहिल्या वर्षाच्या रूममेटला एकटं सोडलं होतं.

तिच्या खोलीत टेबल, कपाट आणि सोफा होता. पलंग नव्हता.

"तुला पलंगसुद्धा दिला नाही यांनी?"

"आई, प्लीज. हळू बोल."

मी बाईंना विचारलंच. त्या हसल्या. इथे कुणाच्याच खोलीत पलंग नसतो, म्हणाल्या, आणि आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेल्या.

छताखाली एक लांबलचक खोली होती. दुमजली पलंगांच्या रांगा, जाड रजया, आणि नोव्हेंबरातही उघड्या खिडक्या. क्षयाच्या भीतीच्या काळात गार हवेत झोपणं चांगलं समजत, म्हणून ही खोली हीटिंगशिवाय बांधली. क्षय गेला, रीत राहिली. सगळ्यांनी इथेच झोपायचं, आत बोलायचं नाही.

खिडकीजवळच्या एका गादीवर चादर नव्हती.

"ही रिकामी आहे?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं.

"माझी आहे," ती मराठीत म्हणाली.

खाली आल्यावर तिने दार लावून घेतलं. महिनाभर तिला खोकला होता. बाकीच्यांची झोपमोड व्हायची. मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं, तिला खाली सोफ्यावर जास्त आराम वाटेल.

"दे वर व्हेरी नाइस अबाउट इट," ती म्हणाली.

"गावात दुसरी खोली बघू."

"आणि मग? इथून गेले की यातली एकही मला ओळख दाखवणार नाही. आधीची रूममेट बोलत नाही. सो, नो."

"झोप तरी लागते का?"

"सोफा इज फाइन. सिरप आणलंस?"

मी बाटली दिली. तिने ती स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात अगदी खाली सरकवली. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. तिला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने सोफ्यावरची उशी तोंडावर घट्ट दाबून धरली.