फिनॉल दुखत नाही

केमिस्ट्रीच्या त्या सरांना मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत आम्हाला फिनॉल हाताळावं लागायचं. बाटलीत गुलाबी पडलेले खडे असायचे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते वितळायचे आणि दवाखान्यासारखा गोडसर वास सुटायचा. हातमोजे मागितले की सर विचारायचे, "का, मेंदी लावलीय?"

माझी मैत्रीण गंगापूरहून जीपनं यायची. एकदा ओतताना फिनॉल तिच्या मनगटावर सांडलं. कातडी पांढरीफटक पडली. मी घाबरले, तर तीच हसली. "दुखत नाय गं. नुसतं बधिर झालंय."

मी तिला नळाकडे ओढत होते, तेवढ्यात सर आडवे आले. "रडत नाही म्हणजे भाजलं नाही. प्रयोग पुरा करा." तिनं ओढणीनं हात पुसला.

फिनॉल आधी संवेदना मारतं, मग मांस जाळतं आणि कातडीतून रक्तात उतरतं. लगेच हात वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायला हवा होता. हे आमच्या पुस्तकात होतं. सर तेच पुस्तक शिकवत होते. संध्याकाळी ती चक्कर येऊन पडली. मनगट काळं पडलं होतं.

ती दवाखान्यातून परतली, तर सरांनी प्राचार्यांना सांगून ठेवलेलं: मुलगी निष्काळजी आहे, प्रात्यक्षिक परीक्षेला बसवू नका. वर्ष गेलं असतं तर घरच्यांनी तिचं कॉलेजच बंद केलं असतं.

मी तिला घेऊन प्राचार्य बाईंकडे गेले. त्यांच्यासमोर सर म्हणाले, "मॅडम, एवढं भाजलं असतं तर ओरडली नसती का?"

मी फिनॉलची बंद बाटली सोबत नेली होती. ती टेबलावर ठेवली. "ओरडावं लागत नाही, सर. एक थेंब मनगटावर घेऊन बघा."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. "उघडू नको ती."

"मग हिला का उघडायला लावली?"

प्राचार्यांनी तिला परीक्षेला बसायची परवानगी तिथंच दिली. बाहेर आल्यावर सर तिला हळूच म्हणाले, "झालं गेलं विसर." ती मान डोलावून 'हो' म्हणणार होती. मी मोर्चांची पत्रकं वाचत वाढलेली. कोपऱ्यातली माफी मला चालत नाही.

"वर्गात म्हणा," मी म्हणाले. "नाहीतर मी पुन्हा आत जाते."

दुसऱ्या दिवशी ते फळ्याकडे तोंड करून पुटपुटले, "माझी चूक झाली."

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही, सर," मी म्हणाले.

त्यांना वळून पुन्हा म्हणावं लागलं.