कर-कायदा, खंड चौथा

बाइंडरच्या घरात कायद्याला फार मान होता. भिंतीवरच्या फळीवर तांबड्या रेक्झिनचे, पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकलेले जाडजूड खंड ओळीने उभे असत, आणि रोज दुपारी जेवण झालं की बाइंडर त्यातला एक मांडीवर घेऊन बसायचा. त्या वेळी त्याची बायको भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. शेजारीण आली तर तिला दारातच थोपवायची. "हळू बोला, ह्यांचं वाचन चाललंय. वकिलांची पुस्तकं बांधता बांधता निम्मे वकील झालेत."

निम्मा वकील त्या वेळी तीन सूर्य असलेल्या एखाद्या ग्रहाभोवती घिरट्या घालत असायचा.

त्या सोनेरी अक्षरांच्या आत कायद्याचं एक कलमही नव्हतं. होती ती अंतराळातल्या महावीरांची कॉमिक्स, शाळेत असल्यापासून जमवलेली. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "जावईबापू फावल्या वेळात काय करतात?" सूर्य विझवत हिंडणाऱ्या राक्षसाचं पुढे काय होतं ते बघतो, असं सांगणारा जावई कुणाला हवा असतो? बाइंडरने लग्नाआधीच सगळे अंक शिवले, पुठ्ठे चढवले आणि पाठीवर ‘कर-कायदा’ असा ठसा मारला. पुस्तकाला कुणी हात लावू नये, यासाठी ह्याहून भारी कुलूप त्याला माहीत नव्हतं.

जमिनीवरचे वीर त्याला पटत नसत. पाकीटमार पकडायला अंगाला चिकटलेला पोशाख कशाला हवा? दिवसभर तो जेमतेम टेबल मावेल अशा दुकानात, सरसाच्या वासात, दुसऱ्यांची पुस्तकं शिवायचा. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कधी मिळेल?" तो म्हणायचा, "उद्या." अंतराळात असला उद्या नसतो. तिथे एका पानावर आकाशगंगा टराटरा फाटते आणि पुढच्या पानावर शिवून तयार असते. शिवाय कुठल्याही महावीराला कुणी येताना दूध आणायला सांगत नाही.

पंचाईत एवढीच, की बायकोच्या जाहिरातीमुळे शेजारी सल्ला मागायला येत. वरच्या मजल्यावरचे दोन भाऊ गच्चीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा बाइंडरने त्यांना जुळ्या ग्रहांचा निवाडा सांगून टाकला. सूर्य एक, पाळ्या दोन. सकाळची गच्ची थोरल्याची, संध्याकाळची धाकट्याची.

"असं कायद्यात आहे?" थोरल्याने विचारलं.

"चौथ्या खंडात," बाइंडर म्हणाला. भाऊ समाधानाने गेले.

काही दिवसांनी दुपारी त्याने चौथा खंड उघडला आणि आत खरोखरच कर-कायदा निघाला.

बाइंडरने पुठ्ठा मिटून पाठीवरची अक्षरं पुन्हा वाचली. आपला चौथा खंड शिलाई सैल झाली म्हणून त्याने दुकानात नेला होता. तिथेच वकीलसाहेबांचा खरा संच नवीन पुठ्ठे चढवून पडला होता. रेक्झिन तेच, अक्षरं तीच. वकीलसाहेब त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी भर कोर्टात चौथा खंड उघडला आणि आतून राक्षस निघाला तर? काम जाईलच, पण गोष्ट फिरत फिरत घरी येईल, आणि बायको पुन्हा आदळआपट करत भांडी घासू लागेल.

त्याने खरा खंड कागदात गुंडाळला.

"अहो, आत्ता कुठे निघालात?"

"एका कलमाबद्दल शंका आहे."

बायकोने अभिमानाने दार उघडून धरलं.

वकीलसाहेबांच्या काचेच्या कपाटात सगळे खंड होते. त्याने दिले तसेच, ताठ, अंग चोरून उभे. एकट्या चौथ्याची पाठ मधोमध मऊ पडली होती आणि पुठ्ठ्यावर कपाचा गोल डाग होता.

"साहेब, चौथ्या खंडात एक पान उलटं लागलंय. नेऊन दुरुस्त करतो."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नेता येणार नाही. चालू प्रकरणात लागतोय."

"कुठल्या?"

"तीन सूर्यांच्या."

बाइंडरने मान खाली घातली. साहेबांनी उठून दार लावलं.

"बाइंडर, माझ्याकडे एक दावा आहे. आजोबांनी लावलेला. आता नातू तारखांना येतो, त्यालाही टक्कल पडलंय. आणि ही तुमची आकाशगंगेची परिषद! तक्रार आली, पान उलटायच्या आत निकाल, अपील नाही. मी जन्मभर काय केलं हो?" त्यांनी आवाज खाली आणला. "तो निळा म्हातारा खरंच मेला का?"

"मरतो कसला साहेब. सहाव्या खंडात परत येतो."

"अहो, सांगितलंत कशाला!" साहेब कडाडले. कोर्टाने त्यांचा एवढा आवाज कधी ऐकला नसेल. "आता पहिल्यापासून सगळे आणा. माझे तुम्ही घेऊन जा. कपाटात तांबडं दिसल्याशी मतलब."

गिऱ्हाईक टिकलं, अब्रू टिकली. गेलं ते फक्त ब्रह्मांड.

आता वाचन थांबवणं संशयास्पद, म्हणून बाइंडर रोज दुपारी खरा कर-कायदा मांडीवर घेऊन बसू लागला. तिसऱ्या पानावर त्याची मान छातीवर पडायची. "विचार करतायत," बायको सांगायची.

मग एकदा ते दोघे भाऊ पुन्हा आले. या वेळी पाण्याच्या टाकीवरून. बाइंडरने हातातला खंड चाळला. "दोघांनी वेगवेगळे अर्ज करा. मग मोजणी. मग नोटीस. मग तारीख पडेल."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एकमत झालं होतं. धाकटा बाइंडरला म्हणाला, "दादा, मागे काय झकास सांगितलं होतंत! कायदा बदलला का?"

"अहो, नीट बघा ना," बायको ओशाळून म्हणाली. "दुसऱ्या खंडात असेल."

बाइंडर उठला, चपला घातल्या. "दुसरा खंड वकीलसाहेबांकडे आहे. घेऊनच येतो."

बायकोने फळीवर ठळक सोनेरी अक्षरांत उभ्या असलेल्या दुसऱ्या खंडाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"या," ती म्हणाली. "येताना दूध आणा."