पेशकारसाहेब गेले, वास राहिला

गणरायाला दंडवत, तुळजापूरच्या आईला दंडवत, आणि तेरणेकाठी माकणीत बसलेल्या आमच्या महादेवाला साष्टांग दंडवत. बोलेन ते गोड व्हावे, आणि त्यात कुणाचे मन न दुखावो.

भजनी मंडळात अभंगांपेक्षा किस्सेच अधिक साठतात. अभंग म्हटला की पूर्ण होतो. किस्सा मात्र पखवाजाला कणीक लावून होईपर्यंत दर बैठकीला सांगितला जातो, आणि दर वेळी थोडे अंग धरतो! आमच्या माकणीच्या मंडळाचे असे किस्से पुष्कळ आहेत. पण निजामाच्या राज्यात आम्ही एका खोलीतला सिगारेटचा वास काढला, तो किस्सा मी आजही छाती पुढे काढून सांगतो. टाळ माझ्या हाती होते, म्हणून सगळे जवळून पाहता आले.

* * *

महादेवाच्या देवळाला लागून शिवलिंगअप्पांची एक खोली होती. अप्पा आमच्या मंडळाचे प्रमुख. घरात कन्नड बोलायचे, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू, आणि देवापुढे काहीच नाही.

ती खोली त्यांनी सरकारी कचेरीतल्या पेशकारसाहेबांना राहायला दिली होती. साहेब माणूस सज्जन, पण एका सिगारेटच्या विस्तवावर दुसरी पेटवणारे. हैदराबादेहून त्यांच्यासाठी टिनचे डबे येत. धूळ नको म्हणून दार आणि खिडकी सदा बंद. पुढे बदली झाली. साहेब गेले, सामान गेले, वास राहिला.

श्रावणातल्या सप्ताहाला आम्ही गोविंदबुवांना बोलावले होते. त्यांच्यासारखे कीर्तन त्या मुलखात दुसरे नव्हते. पण बुवांना दमा. त्यांनी निरोप धाडला, "येतो. पण मुक्कामाच्या जागी धुराचा वास असला तर आल्या पावली परत जाईन. प्रश्न गळ्याचा न्हाय, जिवाचा हाय."

गावात घरोघरी चुली. चूल नसलेली जागा म्हणजे ती एकच खोली! शेजारच्या सास्तूर गावचे भजनी मंडळ तर टपूनच बसले होते. त्यांचा एक टाळकरी भर बाजारात म्हणाला, "बुवांची गाडी शिवेवरनंच आमच्याकडं वळवा. तुमाला कशाला तरास?"

अप्पा तडक उठले, खोलीत शिरले, एक श्वास घेतला आणि बाहेर आले.

"साहेब गेलं म्हंता? मला तर आत बसल्यागत वाटतंय!"

* * *

भाविकांना जो उपाय आधी सुचावा तोच आम्हाला सुचला. आमचे पखवाजवाले दगडूबुवा म्हणाले, "देवाच्या धुपापुढं सिगारेटची काय बिशाद!"

मग ऊद आला, धूप आला, गुग्गुळ आला, वर कडुलिंबाचा पाला आला. दार लावून आम्ही बाहेर नामस्मरण करीत बसलो. झरोक्यातून असा लोट निघाला की शेजारचे करीमचाचा पिंजारी हातातली कापूस पिंजायची कमान टाकून पाण्याची घागर घेऊन धावले.

"अप्पा! आग लगी क्या?"

"आग न्हाय चाचा, धूर काढतोय."

चाचांनी घागर खाली ठेवली. आमच्याकडे एकेकाला नीट पाहिले. "धुआं निकालने कू धुआं? कल कीचड़ लगा को पांव धोते क्या तुम लोगां?"

आम्ही हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी दार उघडले. वास गेला नव्हताच. उलट आता साहेब देवघरात बसून सिगारेट ओढताहेत असे वाटू लागले!

* * *

तेव्हा अप्पांच्या पत्नी काशीबाई पुढे आल्या. बाईंची शिवपूजा एक दिवस चुकत नसे, आणि त्यांच्यासमोर अप्पांचा आवाजही एक पट्टी खाली येई.

"देवाला न्हाऊ न घालता गंध लावता का हो तुमी?"

आम्ही नकाराच्या माना हलवल्या.

"मग खोलीनं काय पाप केलं? आधी मळ काढा. वासाचं मग बघू."

इतकी वर्षे आम्ही चित्तशुद्धीचे अभंग आळवत होतो. त्यांचा अर्थ त्या दिवशी हातात खराटा आल्यावर कळला. सतरंजी आणि पडदे रिठ्याच्या पाण्याने तेरणेवर धुतले गेले. भिंतींचे पोपडे खरवडले. राखेच्या कढत पाण्यात फडके बुडवून दारे, तुळया आणि छताचे सरे घासायला घेतले. फडके असे पिवळेजर्द निघायचे की अप्पा ते उंच धरून म्हणाले, "साहेबांनी भिंतीलाबी सवय लावली की वो!"

शिडीवर दगडूबुवा होते. हात थकू लागला तसा त्यांनी अभंग धरला. खाली आम्ही साथ दिली, आणि घासणे आपोआप ठेक्यावर आले. तुळईचा मूळ सागवानी रंग शेवटच्या चरणाला दिसला, तेव्हा दगडूबुवा शिडीवरूनच ओरडले, "म्होरचा अभंग लांबडा घ्या! आजून तीन तुळया हायत!"

* * *

चुन्याचे हात झाले. जुनी जमीन खरवडून नवी माती धोपटली, वर शेणाचे सारवण झाले. वास शोषायला कोपऱ्यांत कोळशाच्या पाट्या ठेवल्या. दार-खिडकी सताड उघडी. राहिली ती खोलीबरोबर दिलेली गादी. साहेब त्याच गादीवर झोपत.

दगडूबुवा म्हणाले, "ऊन दावलं की झालं."

करीमचाचांनी गादीची शिवण उसवली मात्र, सगळे मागे सरकले. चाचा म्हणाले, "इसमें तो साहब आधे रह गये!" तो कापूस पिंजून परत भरायला त्यांनी साफ नकार दिला. घरात गेले आणि पांढराशुभ्र नवा कापूस घेऊन आले.

अप्पांनी तो ओळखला. चाचांची लेक अमीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाच्या दुपट्यांसाठी चाचांनी तो निवडून ठेवला होता.

"चाचा, ह्यो बाळाचा हाय. आमाला नगं."

चाचा कमान लावून बसलेसुद्धा. "बाळ कू अभी टैम है अप्पा. बुवा सोमवार कू आ रहे."

* * *

आता खरा पेच पडला. आत-बाहेर करून आमची नाके अशी मेली होती की वास आहे की नाही हेच कळेना! अप्पा म्हणत, "गेला." दगडूबुवा म्हणत, "हाय, त्या कोपऱ्यात हाय." दोघे एकाच कोपऱ्यात नाक लावून भांडू लागले.

काशीबाई म्हणाल्या, "भांडू नगा. अमीनाला बोलवा."

अमीनाला कडक डोहाळे लागले होते. फोडणीचा वाससुद्धा सोसवत नसे. पहिल्या दिवशी ती खोलीच्या नुसत्या दारात आली होती आणि तोंडाला पदर लावून पळाली होती.

ती आली. काशीबाईंनी तिला आत बसवले आणि दार-खिडकी लावून घेतली. बाहेर आम्ही सारे पुरुष माना खाली घालून उभे. चाचा तसबीहचे मणी ओढत होते, अप्पा पंचाक्षरी जपत होते. आतून काहीच आवाज येईना.

"चक्कर तर आली नसंल?" दगडूबुवा कुजबुजले.

इतक्यात दार किलकिले झाले आणि अमीनाचा आवाज आला.

"काकू, चिंचेचा ठेचा हाय का घरात? लई भूक लागलीय."

अप्पांनी अशी काही "हर हर महादेव!" गर्जना केली की सास्तूरपर्यंत गेली असेल. जावी अशीच आमची इच्छा होती!

* * *

सोमवारी बुवा आले. उंबऱ्यावर थांबले. डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला, आणि उपरणे खुंटीला अडकवले. तेव्हा कुठे आमचा श्वास सुटला.

पुढे एके दुपारी पावसाने असे झोडपले की सभामंडप गळू लागला, आणि कीर्तन त्या खोलीतच उभे राहिले. बुवांचा आवाज असा लागला होता की बाहेरचा पाऊसही साथीला आहे असे वाटावे. त्याच वेळी दौऱ्यावर आलेले पेशकारसाहेब अप्पांना भेटायला म्हणून आले. बूट बाहेर काढले, आणि दाराजवळ अप्पांच्या शेजारी टेकले. बराच वेळ त्यांनी ऐकले. मग हळूच वाकले.

"अप्पा, हम रहते थे वो कमरा कौनसा?"

अप्पांनी नुसता तळहात जमिनीवर टेकवला.

साहेबांनी खाली पाहिले. मग भिंतींकडे, मग तुळयांकडे, मग डोळे मिटून गाणाऱ्या बुवांकडे. त्यांचा हात कोटाच्या खिशावर गेला. ते तसेच उठले आणि पावसात बाहेर पडले. माझ्या टाळाचा ठेका क्षणभर चुकला.

साहेब परत आले, ते दाराशी बसले नाहीत. पुढे येऊन आमच्या ओळीत बसले. मी बसल्या जागेवरून बाहेर पाहिले. आमच्या वहाणांच्या गर्दीत त्यांचे बूट होते, आणि उजव्या बुटात सिगारेटचा टिनचा डबा भिजत उभा होता.

* * *

ज्यांनी हे ऐकले त्यांच्या घराला मोकळा वारा लाभो. ज्याचा श्वास अडतो त्याचा श्वास महादेव मोकळा करो. शेजाऱ्याचा कापूस शेजाऱ्याच्या कामी येवो, लेकीबाळींचे डोहाळे पुरे होवोत, आणि प्रत्येक उंबऱ्याशी आलेला पाहुणा उपरणे खुंटीला अडकवून सुखाने बसो.