डाग कसला?

आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडा घेताना आधी विचारावं लागतं, “डाग कसला?” हळदीचं औषध वेगळं, तेलाचं वेगळं. बावीस वर्षं मी काउंटरवर हेच विचारतोय. परवा एका गृहस्थांनी कोट दिला. खांद्यावर काळसर ओघळ होता.

“काजळ,” ते म्हणाले. “मुलगी सासरी निघताना रडली.”

मी चिठ्ठीवर लिहिलं : काजळ, डावा खांदा. पूर्वी अशा वेळी आत काहीतरी हलायचं. आता फक्त औषध आठवतं.

काल बायकोची पैठणी घेऊन गेलो. तिला जाऊन चार महिने झाले. लेकीला ती हवी आहे, पण डांबरगोळ्यांचा वास जात नाही. गिऱ्हाइकासारखा काउंटरच्या बाहेर उभा राहिलो. सोबत काम करणाऱ्या शैलाताईंनी सवयीनं विचारलं, “डाग कसला?” आणि त्या ओशाळल्या.

मी पैठणी उलगडली. काठ, पदर, सगळं उजेडात धरून पाहिलं. चांगल्या प्रसंगाला नेसेन म्हणत तिने घडीसुद्धा मोडली नव्हती.

“डाग नाही,” मी म्हणालो.

शैलाताईंनी तसं लिहिलं. ती चिठ्ठी मीच काठाला टाचली.