पदरातली मोहफुलं
बाजारात कुणी मोहफुलं भाजत असलं की त्या गोड, उग्र वासानं माझा हात आपोआप पदराकडे जातो. काही वर्षांपूर्वी सावली गावाजवळच्या एका खेड्यात एका म्हातारीवर करणीचा आळ आला होता आणि तिच्या हातचं कुणी पाणीही घेत नव्हतं. ईस्टरआधीच्या एका रविवारी चर्चमधल्या बायकांच्या सभेत आम्ही तिच्यासाठी डोळे मिटून प्रार्थना केली. आमेन झालं तशा आमच्या पाळकबाई म्हणाल्या, "प्रार्थना तं झाली. आता तिच्या घरी खायले माह्यासंग कोण येते?" सगळ्या खाली बघू लागल्या. मी हात वर केला. दुपारी आम्ही तिच्या ओसरीवर बसलो, तेव्हा कुंपणाबाहेर अख्खा मोहल्ला गोळा झाला होता. म्हातारीनं पळसाच्या पानावर भाजलेली, चिकट मोहफुलं वाढली. पाळकबाईंनी सगळ्यांदेखत एकेक फूल चावून खाल्लं. मी हात तोंडापर्यंत नेला, पण तिनं खरंच त्यात काही घातलं असेल तर, या भीतीनं मूठ हळूच पदरात सोडली. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं. निघताना म्हातारी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पदर धुऊन टाकजो वो बाई, मोहाचा डाग लवकर निंगत नाई." मंडळीतल्या बाया अजून नव्या सुनांना सांगतात, त्या दिवशी हीच एकटी हिमतीनं उठली होती. मी गुपचूप ऐकून घेते. आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर हातावर पडली की मूठ मिटायच्या आत तोंडात टाकते.