चोरलेली पाच वर्षं

त्या माणसानं मला मावशी म्हटलं नसतं, तर माझं सगळं वेळेवर झालं असतं.

तेव्हाही आम्ही इथंच, चिकलठाण्याला राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि शिलाईची मशीन. नवऱ्याला जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा शिकायला पुण्याला. मी आजूबाजूच्या कंपन्यांतल्या कामगारांसाठी सुती हातमोजे शिवायची. घरात जिकडं बघावं तिकडं हात. खाटेवर हात, कपाटात हात, देव्हाऱ्याखाली हातांचा ढीग. आणि बोलायला कुणी नाही.

नाही म्हणायला एक होती. शेजारची बाजी, उर्दूत बाजी म्हणजे थोरली बहीण. माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी. मोजा आधी उलटा शिवतात, मग काडी घालून एकेक बोट सुलटं करावं लागतं. दुपारी बाजी त्या कामाला यायची. मजुरी घ्यायची नाही, चहा घ्यायची. चहात साखर कमी पडली की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

एका दुपारी विम्याचा एजंट आला. नोकरदाराला पेन्शन असते हे ठाऊक होतं, पण हातमोजेवालीलाही ती मिळू शकते हे मला नवीनच. दरवर्षी हप्ता भरायचा, साठी पूर्ण झाली की मरेपर्यंत दरमहा पैसे घरी. मला हवं होतं ते एवढंच. उद्या मुलाचा संसार पुण्यात थाटला जाईल, तिथं त्याच्या हॉलमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसायचं नव्हतं. या दोन खोल्या, दारातला लिंब आणि स्वतःच्या पैशाचा चहा, बस्स.

एजंटनं फॉर्म उघडला. “मावशी, वय काय लिहू?”

मावशी! त्याचे केस कलप लावून काळे केलेले, कानाशी पांढरी मुळं दिसत होती. माझ्याहून दोन उन्हाळे जास्तच पाहिले असतील त्यानं. मी पंचेचाळीस वर्षांची होते. मान ताठ केली आणि म्हणाले, “चाळीस.”

बाजीच्या हातातली काडी थांबली.

खरं तर माझं वय विसरायची सोयच नव्हती. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी रांगत होते. आई मला पोटाशी धरून ज्वारीत लपली होती आणि मी रडू नये म्हणून तिनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला होता. ही गोष्ट मी बाजीला शंभरदा सांगितलेली.

“जन्माचा दाखला?” एजंटनं विचारलं.

“नाय.”

“शाळेचा?”

“शाळा दोन वर्षं. दप्तर उंदरांनी खाल्लं.”

“मग वडीलधाऱ्या माणसाची साक्ष चालेल.”

मी बाजीकडं बोट दाखवलं. तिनं मला ओढत आत नेलं, चुलीपाशी.

“झूटी! पोलीस ॲक्शन में रेंगती थी बोलती, और अब्बी चालीस की?”

“बाजी, करा की सही. एवढ्यानं काय होतंय?”

“मेरेकू जहन्नुम में लेके जाएगी तू.”

पण केली तिनं सही, उर्दूत, लफ्फेदार. एजंट गेल्यावर मी आरशात बघून आले. साठी पाच वर्षं लांब ढकलली म्हणून स्वतःवर खूश. केवढी अक्कल! साठी लांब गेली म्हणजे पेन्शनही तेवढीच लांब गेली, हे त्या आरशातल्या बाईला सुचलं नाही.

हप्ते मी एकही चुकवला नाही. आणि खरी साठ वर्षं भरली तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू, बोटांची पेरं सुजलेली, सुईत दोरा ओवायला अर्धा तास. मी विम्याच्या ऑफिसात गेले. म्हटलं, सुरू करा आता.

समोरची मुलगी कागद बघून हसली. “आजी, तुम्ही तर अजून पंचावन्नच्या आहात.”

मी खरं सांगितलं. लाजत, पण सांगितलं. ती म्हणाली, “मग पुरावा आणा. नाहीतर ज्यांनी साक्ष दिली त्यांना घेऊन या.”

बाजीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मी करमाडच्या पुढं माझ्या माहेरच्या गावी गेले. भाऊ गेलेला, सुईण गेलेली, शेजारचं घर पाडून तिथं किराणा दुकान झालेलं. भाच्यानं पाणी दिलं. मी विचारलं, “माझं खरं वय सांगेल असं कुणी हाय का रं गावात?”

त्यानं लई विचार केला. “आत्या, आपल्या भावकीत आता तुम्हीच सगळ्यात जुन्या.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. आपण कधी जन्मलो हे आपल्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही, आणि आपलं तर कुणी ऐकत नाही. बाजूच्या बाईनं विचारलं, “आजी, डोळ्यांत काही गेलं का?” मी म्हटलं, व्हय, धूळ.

पाच वर्षं आणखी शिवले. मोतीबिंदू काढला, जाड चष्मा लावला. मुलगा फोनवर म्हणायचा, “आई, इकडं ये.” मी म्हणायची, ऑर्डर आहे रे. मोजे सुलटे करायला आता मीच. एक बोट काडीनं, एक बोट दातानं ओढून. मग पेन्शन आली आणि मी मशीनवर चादर टाकली. पुण्याला गेले नाही. जिंकलेच म्हणायचं.

मधल्या काळात शहरानंही नाव बदललं, पण त्याची निदान गाजावाजा करून पाटी लागली. माझं खोटं वय मात्र सगळीकडं गुपचूप चिकटलं, रेशनकार्डावर, आधारवर, मुलाच्या डोक्यात. तीन वर्षांपूर्वी मला पंचाहत्तर पूर्ण झाली. त्या दिवशी मी वाटीभर शिरा केला, एक निरांजन लावलं, स्वतःभोवतीच ओवाळलं. हात मागं पोचेना, तेव्हा जिथवर पोचला तिथवर.

परवा हयातीचा दाखला भरायला बसले होते. वर्षातून एकदा कंपनी विचारते, आहात ना? तेवढ्यात मुलाचा फोन.

“आई, अजून दोन वर्षांनी तुझी पंचाहत्तरी जोरात करायची. नातीनं तर आत्तापासून यादी काढलीय.”

सांगावं असं वाटलं. पण तिकडं नात मागून ओरडत होती, आजी, साडी कुठली नेसशील?

“जांभळी,” मी म्हणाले.

फोन ठेवला. वयाच्या रकान्यात त्र्याहत्तर लिहिलं. समोर मशीन, तिच्यावर चादर. बाजीची बसायची जागा रिकामी होती आणि तिचं काम करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं म्हणाले, “झूटी!”